दुसरं वल्हं

राखाडी मशीन दुकानात आलं त्या दिवशी दादाने दाढी केली होती. एरवी माझ्या भावाला दाढीचा भारी कंटाळा. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि काउंटरवर धुतलेलं मऊ फडकं अंथरलेलं. खोक्यावरची चिकटपट्टी त्याने कटरने कापली नाही, नखाने हळूहळू सोडवली. मी मागच्या टेबलावर एका कंट्रोलरची चिकट झालेली बटणं पुसत बसले होते. मी म्हटलं, काय रे, सासुरवाडीला निघालायस का? त्याला ऐकूच गेलं नाही.

आमचं दुकान व्हिडिओ गेमचं. टीव्हीला जोडून खेळायची मशीन, त्यांच्या डिस्क, कंट्रोलर, वायरी, आणि मागे माझा दुरुस्तीचा कोपरा. दादा विकतो, मी दुरुस्त करते. दुकान लहान, आणि रस्त्याच्या पलीकडे बरोब्बर समोर एक भलंमोठं दुकान, ज्याचे काचेचे दरवाजे आपोआप उघडतात. तरी लोक आमच्याकडे यायचे, कारण दादा कोणाच्या गळ्यात माल मारत नसे. गिऱ्हाईक आत आलं, कुठलं मशीन घेऊ म्हणालं, की तो उलट विचारायचा, कोणाबरोबर खेळणार? भाऊ, मित्र, ऑफिसातली मंडळी, जे कोणी असतील त्यांच्याकडे काय आहे ते विचारून या, आणि तेच घ्या. कारण एका कंपनीच्या मशीनवरचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरच्या माणसाशी खेळू शकत नाही. कंपन्यांचं एकमेकींशी बोलणं नाही आणि सोसायचं गिऱ्हाइकाने.

या धंद्यात आम्ही काय काय पाहिलंय. एक अगदी लेचंपेचं मशीन आमच्या डोळ्यांदेखत धो धो खपलं, कारण ते नुसता हात हलवून घरातल्या आजोबांनाही खेळता येत होतं. दुसरं एक ताकदीने सगळ्यांचा बाप होतं, पण त्याच्यासाठी खेळ बनवणं ही खेळ बनवणाऱ्यांना डोकेदुखी वाटली. खेळ आलेच नाहीत, आणि ते फळीवर बसून राहिलं. तिसरं चांगलं होतं, स्वस्त होतं, फक्त एक वर्ष उशिरा आलं. तोवर लोकांच्या मित्रांनी दुसरं घेऊन टाकलं होतं. दादा म्हणायचा, पातेलं बघून कोणी जेवायला येत नाही. आत काय शिजतंय आणि पंगतीला कोण कोण बसलंय, ते लोक बघतात.

एवढं शहाणपण ज्याच्या जिभेवर, त्यानेच राखाडी मशीनच्या बाबतीत माती खाल्ली.

कारण मला ठाऊक आहे. आम्ही लहान असताना वडिलांनी घरी एक मशीन आणलं होतं, ते याच कंपनीचं. कंपनीचा तेव्हा बाजारात दरारा होता. पुढे तिने एक मशीन काढलं, ते आपटलं. दुसरं काढलं, तेही आपटलं, आणि मग ती बरीच वर्षं गप्प बसली. दादाचं आणि वडिलांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. जेवताना भांडण, अभ्यासावरून भांडण, केस वाढवले म्हणून भांडण. पण त्या मशीनसमोर दोघं खांद्याला खांदा लावून बसायचे आणि तासभर कोणी कोणाला लागेल असं बोलायचं नाही. वडील गेले, मशीन त्याआधीच भंगारात गेलं होतं, पण त्या कंपनीचं नाव काढलं की आजही दादाचा चेहरा मऊ होतो. मलाही थोडं तसं होतं. पण मी रोज मशीन उघडून आतली धूळ काढते, आणि धूळ सगळ्या कंपन्यांची सारखीच असते.

तर कंपनी पुन्हा बाजारात उतरली आणि तिचा माणूस आमच्या दुकानात आला. गुळगुळीत माणूस, बोलण्यात साखर. त्याने राखाडी मशीन लावून दाखवलं. मशीन चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. चालू आहे की बंद, हे कान लावून बघावं लागायचं. मी ते उघडलं तेव्हा आतली रचना बघून मला कंपनीच्या इंजिनियरच्या हातांचा हेवा वाटला. त्या काळात सगळीकडे खपणारं जे काळं मशीन होतं, त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडायचा, तापून त्यावर कपडे वाळवता आले असते, आणि त्याची मागची वायर जिथे बसते ते भोक चार महिन्यांत सैल व्हायचं. माझ्या टेबलावर येणारं निम्मं काम त्या भोकाचं असायचं.

मग त्या माणसाने खेळ दाखवला. नदी, धुकं आणि एक लहानशी नाव. नावेत दोन माणसं, दोघांच्या हातात एकेक वल्हं. डावं एकाने मारायचं, उजवं दुसऱ्याने, आणि हा दुसरा जगात कुठेही आपल्या घरी बसलेला असणार. दोघांनी एकमेकांचा अंदाज घेऊन वल्हं मारलं तर नाव सरळ जाते, नाहीतर काठाला आपटते. एकटेच खेळायला बसलात तर नाव जागच्या जागी गोल फिरत राहते. पाण्याचा आवाज इतका खरा की मला तहान लागली. दादाने वल्हं हातात घेतलं आणि तो पुन्हा दहा वर्षांचा झाला.

बाकीचे खेळ कुठे आहेत, असं मी विचारलं. त्या माणसाने पडद्यावर नावांची लांबलचक रांग दाखवली आणि म्हणाला, सगळे तयार होतायत, लवकरच येतील. दादा आणि तो मग त्या न आलेल्या खेळांबद्दल वाद घालत बसले, कुठला जास्त चालेल, कुठला दर्शनी खिडकीत लावायचा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी तसं म्हटलंही. दादा म्हणाला, तुला मेलं सगळ्यात खोट काढायची सवय.

पहिले काही आठवडे बरे गेले. दादाच्या शब्दावर दहा-बारा घरांनी राखाडी मशीन घेतलं. काळ्यापेक्षा ते बरंच महाग होतं, तरी घेतलं, कारण दादाने आजवर कोणाला फसवलं नव्हतं. तो त्यांच्या घरी जाऊन स्वतः मशीन लावून द्यायचा, टीव्हीचा रंग नीट करून द्यायचा, नावेत पहिली फेरी त्यांच्याबरोबर मारायचा. एकच गोष्ट त्याने केली नाही. कोणाबरोबर खेळणार, हे त्याने कोणालाच विचारलं नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

त्यानंतर सगळं थंडावलं. खेळ बनवणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, आधी मशीन खपू दे, मग खेळ बनवू. लोक म्हणाले, आधी खेळ येऊ देत, मग मशीन घेऊ. दोघं एकमेकांची वाट बघत बसले आणि मधल्या मध्ये राखाडी मशीन फळीवर. तेवढ्यात काळ्याची किंमत उतरली आणि त्यावर फुटबॉलचा नवा खेळ आला. ज्याच्या त्याच्या तोंडी तोच. काळं मशीन म्हणजे गावचा पाणवठा झाला होता. तिथलं पाणी गोड होतं असं नाही, पण सगळे तिथेच होते.

शेजारचा केस कापणारा राखाडी मशीन काखेत मारून परत आला. भांडला नाही. उलट त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं. म्हणाला, "माझे सगळे मित्र तिकडे आणि मी एकटा इकडे. मशीन छान आहे हो, पण मी काय त्याच्याकडे बघत बसू?" दादाने मुकाट्याने ते बदलून काळं दिलं. मग आणखी एक आला, मग आणखी एक. काही तर आलेच नाहीत. ते पलीकडच्या मोठ्या दुकानात जायचे, आणि जाताना आमच्या काचेकडे बघायचं टाळायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ओळखीच्या माणसाने मान वळवून जाणं मला अजून सोसत नाही, दादाला कसं सोसेल.

आमच्यात तेव्हा फार कुरबुरी झाल्या. मी म्हणे, कबूल कर आणि मोकळा हो, पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा. तो म्हणे, मशीन वाईट नाही. मी म्हणे, वाईट असतं तर परवडलं असतं, वाईटाला लोक निदान नावं तरी ठेवतात, याचं नावच कोणी काढत नाही. वहिनी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतात, त्यांना या कशातलं काही कळत नाही. त्या मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, तुमचा भाऊ हल्ली रोज घरी उशिरा का येतो? जेवणं निवून जातात.

दुकान तर आम्ही सातला बंद करतो. मी दुसऱ्या दिवशी निघाल्यासारखं केलं, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. शटर अर्धं खाली होतं. वाकून बघितलं तर दादा दाखवण्यासाठी ठेवलेल्या राखाडी मशीनसमोर स्टुलावर बसलेला, हातात कंट्रोलर, पडद्यावर ती नदी. मी आत गेले. त्याने मागे न बघताच सांगितलं, थांब, वळण आहे.

मग कळलं ते असं. ज्यांनी मशीन अजून परत केलं नव्हतं, त्यांच्यापैकी कोणी संध्याकाळी नावेत बसलंच, तर दुसऱ्या वल्ह्यावर कोणी नसायचं. सगळ्या जगात मिळून इतके थोडे लोक उरले होते. म्हणून दादा रोज दुकान बंद झालं की तिथे जाऊन थांबायचा. स्वतःचं नाव त्याने "नावाडी" ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं की हा दुकानदार आहे. ज्याला ज्याला आपण हे घ्यायला लावलं, त्याला निदान पलीकडे माणूस तरी मिळावा, एवढाच त्याचा हिशेब. सुरुवातीला तिघे-चौघे यायचे. आता एकच येत होतं. पडद्यावर त्याचं नाव होतं "सुईदोरा".

ते नाव दादानेच मशीन लावून देताना टाकून दिलं होतं, त्यामुळे कोण आहे ते त्याला ठाऊक होतं. मागच्या रस्त्यावर राहणाऱ्या टेलरबाई. एकट्या राहतात, बायकांचे कपडे शिवतात. वय साठीच्या आसपास. त्यांनी हे मशीन का घेतलं असेल याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. पण दादा त्यांच्याबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. बाई रोज येतात, सहसा एकही दिवस चुकवत नाहीत. किती छान वल्हवायला लागल्यात. सुरुवातीला काठावर आपटायच्या, आता वळणावर आधीच हात उचलतात. खेळताना दोन शब्द लिहून पाठवता येतात, तर रोज विचारतात, बरं आहे ना?

"बघ," तो मला म्हणाला, "एका घरात तरी हे मशीन हौसेने चालू आहे. तेवढं एक तरी मी बरोबर विकलं."

मला यावर खूप काही बोलता आलं असतं.  दहा-बारा घरांतलं एक घर. माणूस बुडायला लागला की काडीचा आधार शोधतो, आणि माझ्या भावाची काडी मागच्या रस्त्यावर शिलाई मशीन चालवत होती. मी वहिनींना खोटं सांगितलं की दुकानात माल मोजायचं काम चाललंय.

असं वर्ष गेलं, दुसरं अर्धं गेलं. राखाडी मशीन खिडकीतून फळीवर, फळीवरून खालच्या कपाटात गेलं. दादा काळी मशीन विकत होता आणि विकताना हसत नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्ही सांगाल ते घेऊ. तो म्हणायचा, मी काही सांगत नाही, तुम्हाला हवं ते घ्या. त्याच्या तोंडून हे ऐकून मी एकदा हातातली वायरींना डाग द्यायची कांडी खाली ठेवली आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

मग कंपनीने कळवलं. राखाडी मशीन यापुढे बनणार नाही, आणि लोकांना एकमेकांशी जोडणारी सोय या महिन्याअखेर बंद. म्हणजे नावेचा खेळ बंद. तो साखरेचा माणूस फोनवर अजून गोडच बोलत होता. आता दुसऱ्या कंपनीत आहे म्हणाला.

दादाने आधी टेलरबाईंचं नाव घेतलं. त्यांना असं अचानक कळलं तर वाईट वाटेल, आपण जाऊन सांगू. एकट्याने जायचा त्याला धीर नव्हता, म्हणून मला बरोबर घेतलं. जाताना वाटेत तो मला सांगत होता, त्यांना काय काय देता येईल. एकट्याने खेळायचे दोन खेळ आहेत, ते मी त्यांना असेच देतो. एवढे दिवस त्यांनी साथ दिली.

बाईंचं घर म्हणजे पुढची एक खोली कामाची आणि मागे राहायची. भिंतीला खिळ्यांवर कागदी मापं टांगलेली, टेबलावर खडू, चिंध्यांची टोपली, इस्त्रीखाली जळून तपकिरी झालेला कपडा. कोपऱ्यात एक लहान टीव्ही आणि त्याच्याखाली ते राखाडी मशीन. त्यावर धुळीचा कण नव्हता. बाईंनी त्याला शिवून एक कापडी झाकण केलं होतं, बटणांच्या जागी बरोबर भोकं ठेवून. दादाने ते बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते.

त्याने फार सांभाळून सांगितलं. कंपनीचा नाइलाज, बाजार, महिन्याची अखेर, नाव बंद. बाई एका ब्लाउजला हुक लावत होत्या. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सुटले एकदाची."

दादा हसला. त्याला वाटलं त्या थट्टा करतायत. म्हणाला, तुम्ही तर रोज खेळता. बाईंनी विचारलं, तुम्हाला हो कसं माहीत? मी घाईघाईने म्हटलं, कंपनी दुकानाला कळवत असते. खोटं बोलायची मला आता सवय झाली होती.

"दिवसभर सुईत डोळे घालायचे आणि संध्याकाळी परत त्या पडद्यात. डोकं दुखतं हो भाऊ," बाई म्हणाल्या. "पण काय करू, तिकडे एक माणूस आहे. नावाडी म्हणून. कधीही जा, आपला एकटा येऊन थांबलेला. मला ताप होता म्हणून मी एकदा गेले नाही, तर दुसऱ्या दिवशी विचारतो कसा, बरं आहे ना? मागे कोणी नसणार त्याच्या. मी नाही गेले तर बिचारा गोल गोल फिरत बसेल. म्हणून जाते. आता कंपनीनेच बंद केलं म्हटल्यावर माझ्या जिवाला काही लागायचं नाही."

दादा स्टुलावर बसून त्या कापडी झाकणाकडे बघत होता. मला वाटलं आता काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी विचारलं, मग मुळात तुम्ही हे घेतलं तरी कशाला?

बाईंनी ब्लाउज उलटा केला आणि दुसऱ्या हुकाला हात घातला. मुलासाठी, म्हणाल्या. मुलगा नोकरीला लांब गेला, तिथे त्याचं कोणी ओळखीचं नव्हतं. त्याने फोन केला की दोघांना काय बोलायचं ते सुचायचं नाही. जेवलास का, जेवलो, झालं. मग तो म्हणाला, आई, माझ्याकडे मशीन आहे, तूही एक घे, संध्याकाळी दोघं मिळून खेळू. बोलायलाच पाहिजे असं नाही, नुसतं बरोबर बसल्यासारखं होईल. त्याच्याकडे काळं होतं.

"मला वाटलं सगळी सारखीच असतात," बाई म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही म्हणालात हेच चांगलं, म्हणून हे घेतलं. घरी येऊन किती प्रेमाने लावून दिलंत तुम्ही. मग रात्री मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, आई, हे माझ्याशी जोडलं जात नाही."

"मला का नाही सांगितलंत?" दादाचा आवाज मला ओळखू आला नाही.

"कसं सांगणार? तुमचा चेहरा बघितला होता ना मी. पोरगाही म्हणाला, राहू दे आई, बघू पुढे कधीतरी."

दादा उठला. उद्या सकाळीच काळं आणून देतो म्हणाला, नवीन, खोक्यातलं. तुम्ही काही बोलू नका. मी स्वतः लावून देतो, तुमच्या मुलाला फोन लावतो आणि जोडून देतो. तो भराभरा बोलत होता आणि बोलता बोलता टीव्हीमागची वायर चाचपायला खाली वाकला होता.

"नको भाऊ," बाई म्हणाल्या. "त्याने विकलं त्याचं. आता त्याचं लग्न झालंय, कामही वाढलंय. तेव्हा एकटा होता ना, म्हणून म्हणत होता." मग जरा थांबून त्यांनी सुईत दोरा ओवला. "आता रविवारी फोन करतो. तब्येत विचारतो."

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला विचारलं की तुझ्या कुर्त्याची बाही एका बाजूला उसवलीय, टाके देऊ का घालून. मी नको म्हटलं. रस्त्यात दादा माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. मला त्याचा फार राग आला होता आणि त्याची फार कीवही येत होती, आणि दोन्हींतलं एकही त्याच्यापर्यंत पोचवायचा मार्ग मला दिसत नव्हता. मी एवढंच म्हटलं की मशीन वाईट नव्हतं. तो थांबला नाही.

त्या संध्याकाळी सातला आम्ही शटर अर्धं ओढलं. दादा मशीनपाशी गेला नाही. काउंटरच्या मागे, पाठ पडद्याकडे करून, वायरींच्या गुंत्यातून एकेक वायर सोडवत बसला. मी म्हटलं, वेळ झाली, त्या आल्या असतील. तो म्हणाला, मला नाही जमणार. मी म्हटलं, त्या तुझी वाट बघत असतील. तो पुढची वायर सोडवायला लागला.

कोणीतरी बसायलाच हवं होतं. मी स्टूल ओढलं आणि कंट्रोलर हातात घेतला. सुईदोरा आलेली होती. मला वल्हवायचं नीट येत नाही, मी मशीन उघडणारी बाई. पहिल्याच वळणावर मी वल्हं उशिरा उचललं आणि आम्ही काठाला जाऊन आपटलो. बाईंनी नाव हळूच मागे घेतली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मग पडद्याच्या खाली त्यांचे शब्द उमटले.

आज हात वेगळा वाटतोय. बरं आहे ना?

मी ते मोठ्याने वाचलं. दादाच्या हातातली वायर थांबली. मी विचारलं, काय लिहू. तो म्हणाला, बरं आहे म्हण. मी तसं लिहिलं. थोडा वेळ आम्ही नीट गेलो. नदी तिथे रुंद होती आणि धुकं होतं. मग पुन्हा शब्द आले.

हे आता बंद होणार म्हणे. तुम्हाला दुसरं कोणी आहे का?

हेही मी वाचून दाखवलं.  मी वळून बघितलं, तर तो त्या वायरी मांडीवर घेऊन तसाच बसला होता, आणि त्याचे खांदे हलत होते. वडील गेले तेव्हाही तो रडला नव्हता. मी काही न विचारता पडद्याकडे वळले आणि लिहिलं, आहे.

मग बरं, असं तिकडून आलं, आणि बाई नावेतून उतरल्या. मी कंट्रोलर खाली ठेवला, मशीन बंद केलं आणि दादाच्या शेजारी जमिनीवर बसून वायरीचं दुसरं टोक हातात घेतलं.